बाबांची खाच

उधव्याच्या पुढे एका पाड्यावर अंगणवाडी आहे. तिथे मी बनवलेल्या लाकडी घरातले बाबा पिण्याच्या पाण्याच्या पिंपात सापडले. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा सापडले. ही बातमी मला सुपरवायझर मॅडमनी फोनवर दिली आणि पंचनामा वाचून दाखवावा अशा सुरात दिली. मी तेव्हा चारोटीच्या नाक्यावर चहा पीत होते. चहा तसाच राहिला.

"मॅडम, तुमच्या खेळण्यात डिफेक्ट आहे," त्या म्हणाल्या. "बाबा निघतो."

"निघायलाच हवा. खेळणं आहे ते."

"हो, पण एक मुलगी आहे, ती रोज त्याला काढते आणि पिंपात टाकते. पाणी खराब होतं. बाकीचे चार सुटे राहू देत. बाबा तेवढा फिक्स करून द्या."

मी म्हटलं, मी येऊन बघते, तोवर कोणी काही करू नका. फोन ठेवला तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. लहान मुलांसाठी खेळणी बनवण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली, आणि या काळात मुलांनी मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो खेळण्यावर सही करणाऱ्या मोठ्या माणसांनी. कपाट बंद ठेवणारे पाहिले, प्लास्टिक न काढता मुलांना खेळणं लांबून दाखवणारे पाहिले. मुलाने ठोकळा उलटा ठेवला की त्याच्या हातावर चापट मारणारे तर पैशाला पासरी. पण बाप फिक्स करून मागणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

आधी ते घर काय होतं ते सांगते. हातभर लांबीची एक फळी, घराच्या आकारात कापलेली, आणि तिच्यात पाच खाचा. आजी, आई, बाबा, ताई आणि बाळ. पाच लाकडी माणसं, ज्याचं त्याचं माप वेगळं. त्यांना मी मुद्दाम नाक-डोळे दिले नव्हते. चेहरा कोरा असला की मूल त्याला हवं तेव्हा रडवतं, हवं तेव्हा रागावतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला मनातलं बोलून दाखवता येत नाही, पण त्याच्या हातात दोन माणसं द्या आणि गप्प बसा, ते सगळं घर तुमच्यासमोर मांडतं. मार खाल्लेलं मूल मारून दाखवतं. घरात बाळ आल्यापासून आई ज्याला जवळ घेत नाही, ते बाळाला फळीखाली ढकलतं. हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. जमिनीवर बसून बघितलं आहे.

माणसं कोरून द्यायचे ते काका सरावलीला माझ्या घरामागेच राहतात. त्यांचं सगळं आयुष्य दागिन्यांच्या डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवण्यात गेलं. लोखंडात केसभर चूक झाली तर बांगडीवरचं फूल वाकडं येतं, म्हणून त्यांच्या हाताला ढिलं काम माहीतच नाही. शिवणीच्या लाकडातही त्यांनी तीच तऱ्हा ठेवली. बाबा फक्त बाबांच्या खाचेत बसायचा आणि बसला की टक् असा आवाज यायचा. मी एकदा म्हटलं, काका, थोडं सैल ठेवा, पोरं आहेत. तर म्हणाले, "सैल पायजे तर सुताराकडे जा नी." मी हसून सोडून दिलं. तो आवाज मलाही आवडायचा.

त्या आवाजासाठीच मी एक नियम बसवला. मी रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले. वडिलांची ड्युटी संपली की ते घरी यायचे, दारात बूट काढायचे, आणि आई आतून विचारायची, आले का सगळे? त्यानंतर आमच्या घरात पानं वाढली जायची. आले का सगळे, हा माझ्या लहानपणीचा सर्वांत निर्धास्त प्रश्न होता. तो मी उचलून त्या फळीला चिकटवला. खेळ संपला की मुलांनी एकेक माणूस घरी पोहोचवायचा, आणि मग सगळ्यांनी म्हणायचं:

झाली वेळ, संपला खेळ, घरी आता जाऊ,
कोण राहिलं, कोण राहिलं, मोजून सारे पाहू.

मोजून झालं की सगळ्यांनी एकदम ओरडायचं, सगळी घरी आली! मार्गदर्शक पुस्तिकेत मी लिहिलं: प्रत्येक व्यक्तीला तिच्या जागी पोहोचवावे, कोणीही बाहेर राहता कामा नये, यातून बालकाच्या मनात सुरक्षिततेची भावना दृढ होते. तलासरीच्या प्रशिक्षणात मी हे सेविकांकडून तीन-तीनदा म्हणून घेतलं होतं. साहेब लोकांनी माना डोलावल्या होत्या. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

तर मी उधव्याला गेले. फोननंतर चारच दिवस झाले होते. अंगणवाडीत शिरले आणि आधी फळी पाहिली. बाबांच्या पोटात स्क्रू होता.

पितळी डोक्याचा, चांगला बोटभर. समोरून घातलेला, पोटातून आरपार, मागे फळीत. आजूबाजूचं लाकूड तडकलं होतं. आजी, आई, ताई, बाळ ही चौघं सुटी, टोपलीत. बाबा मात्र घरी. कायमचा.

मी काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. सेविका ताई खिचडी ढवळत होत्या. बिचाऱ्या पळी हातात धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, हे कोणी केलं, तुम्हाला अक्कल आहे का, लहान मुलांसमोर माणसाच्या पोटात स्क्रू मारता, घरी देवाच्या मूर्तीला माराल का असा. बरंच काही बोलले. मुलं अंक म्हणायची थांबली. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, पळी ठेवली, हात पदराला पुसले आणि कपाटातून माझी पुस्तिका काढली. पान दुमडून ठेवलेलं होतं.

"मॅडम, मी माझ्या मनानं नाय केला. सुपरवायझर मॅडमनी हेच दाखवला," त्या म्हणाल्या आणि बोट ठेवून वाचलं, "कोणीही बाहेर राहता कामा नये." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ती पोरगी त्याला बाहेर ठेवायची. आम्ही आत ठेवला. तुम्हीच लिवलाय ना?"

लिहिलं मीच होतं, म्हणून मी आणखी चिडले. ही माझी जुनी खोड आहे.

मुलगी दारात बसली होती, आमच्याकडे पाठ करून. चारेक वर्षांची असेल. विटका निळा फ्रॉक, केस तेल लावून घट्ट बांधलेले. ताई म्हणाल्या, स्क्रू मारला त्या दिवशी ती ओरडली, फळी उचलून आपटली, आणि त्यानंतर आत येत नाही. खिचडीची वाटीही दारातच घेते. तिच्या नावापुढे विकासाच्या तक्त्यात सुपरवायझर मॅडमनी लिहून ठेवलं होतं: सूचना समजत नाहीत, खेळाचा नियम पाळत नाही, आक्रमक, मंद. शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा होत्या. चार वर्षांच्या मुलीला मंद ठरवायला माझं खेळणं पुरावा म्हणून वापरलं होतं. मी मॅडमना तिथूनच फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी उद्या व्हिजिटला येतेच आहे, समोरासमोर बोलू. पण मॅडम, इतर पंचवीस मुलं पाळतात ना नियम? हीच का नाही पाळत?"

प्रश्न बरोबर होता. फक्त तो त्यांनी कोणालाच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. मी ताईंना म्हटलं, मला हिच्या घरी न्या.

घर अंगणवाडीच्या मागच्या उतारावर होतं, कुडाच्या भिंतींचं, अंगण सारवलेलं. आई मिरचीच्या वाडीवर कामाला जायची, त्या दिवशी घरी होती, कारण मुलगी अंगणवाडीत आत बसत नव्हती, कधीही उठून घरी येत होती. मी सांगितलं, खेळणं मी बनवलंय. तिने मला बसायला गोधडी टाकली आणि मग जे बोलली ते उभ्यानेच. इकडे सगळ्यांना तू म्हणतात, कलेक्टर आला तरी तूच. त्यात अपमान नसतो. पण त्या दिवशी तिचं प्रत्येक तू मला लागत होतं.

"तू बनवला काय तो खेळ? बरा झाला तूच आली. मला तुलाच बघायचा होता."

नवरा खलाशी. इथले कितीतरी पुरुष पावसाळा संपला की गुजरातच्या बोटींवर जातात, आठ-नऊ महिने समुद्रावरच असतात. त्याची बोट हद्दीच्या पलीकडे गेली म्हणून तिकडच्यांनी पकडली. बोटीवरचे सगळे पलीकडच्या देशात तुरुंगात. तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. कधीतरी चिठ्ठी येते, ती वाचायला ताईंकडेच न्यावी लागते. सुटणार म्हणतात, पण कधी ते कोणी सांगत नाही.

"पोरीला मी सांगतलाय, बाबा पाण्यात आहे, मासे धरतो. तुरुंग कसा सांगू? ती विचारंल बाबानं काय चोरला. काय सांगू मी, पाणी चोरला?"



"आधी बरी होती. बाबा कुठं, पाण्यात. झाला. खेळायची, जेवायची. मग तुझा तो लाकडाचा घर आला. रोज बाराला गाना म्हणतात, सगळी घरी आली, सगळी घरी आली. ही पळत येते. दारातनं बाबा, बाबा करत येते. कणगीच्या मागं बघते, मोरीत बघते. आणि नाय दिसला की मला मारते. बोलते, ताई सांगते सगळी घरी आली, तू त्याला कुठं लपवला?"

"रोज?" मी विचारलं.

"रोज. रविवार सोडून."

मला वाटलं होतं मी कोणावर तरी रागवायला इथे आले आहे. तळपायाची आग मस्तकात गेली होती ती कुठे काढावी कळेना. सुपरवायझर होत्या तलासरीत. ताई माझ्या शेजारी मान खाली घालून उभ्या. नियम माझा, गाणं माझं, बाबांची टक् वाजणारी खाच माझी. रोज दुपारी बारा वाजता मी एका मुलीला खोटं सांगत होते आणि त्याचा मार तिची आई खात होती.

"मग एक दिवस नाय आली पळत," आई म्हणाली. "चालत आली, हात धुतले, जेवली. मी विचारला, बाबा नाय बघायचा? बोलली, तो पाण्यात आहे, मीच ठेवला. मी बोलली, बरा झाला, सुटली एकदाची. वीसेक दिवस सुखात गेले. आणि ह्यांनी त्याला ठोकला."

म्हणजे ज्या गोष्टीसाठी आम्ही खेळणी बनवतो, शिबिरं भरवतो, मोठमोठे शब्द वापरतो, ती त्या मुलीने एकटीने, कोणी न शिकवता केली होती. बाप घरी नाही, तो पाण्यात आहे, आणि तरीही तो आहे. एवढं तिने स्वतःच्या हाताने मांडलं आणि शांत झाली. आम्ही तीन शिकलेल्या बायकांनी मिळून तिला मंद ठरवलं आणि बापाला स्क्रू मारला.

"आता मी नाय पाठवणार तिला," आई म्हणाली. "पुढच्या महिन्यात माझी भावजय भट्टीवर जाते. हिला घेऊन मी पण जाईन. तिथं कोणी गाना नाय म्हणत."

वीटभट्टीवर चार वर्षांचं मूल दिवसभर काय करतं ते मला माहीत होतं. धुळीत बसतं. पुढच्या वर्षी कच्च्या विटा उलटायला लागतं आणि मग परत येत नाही. मी म्हटलं, उद्या एक दिवस आण. मी सगळं नीट करते. तू पण ये, तिथेच बस.

रात्रभर मी कोणाकोणावर चिडले त्याचा हिशेब नको. सकाळी काकांकडून स्क्रूड्रायव्हर मागितला. कशाला, ते सांगितलं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी विचार करतो, फिटिंग चांगली की नाय. पोराला त्याला तिथं बसवायचा आहे की नाय, ते कोणी विचारलाच नाय." आणि आत निघून गेले.

मी एक नवीन घमेलंही घेतलं, निळं. वाटेत बसमध्ये माझ्या डोक्यात सगळी योजना तयार होती. घमेल्यात पाणी, पाण्यात बाबा. गाण्याची शेवटची ओळ बदलायची. कोण घरात, कोण पाण्यात, कोण वाडीवर, कोण गाडीत. पुस्तिकेचं ते पान फाडायचं. सुपरवायझर मॅडमना सगळ्यांसमोर दोन शब्द सुनवायचे. खरं सांगते, त्या बसमध्ये मी परत स्वतःवर खूश व्हायला लागले होते.

अंगणवाडीत सगळे जमले होते. सुपरवायझर मॅडम खुर्चीवर, मांडीवर फाईल. मुलं ओळीत. आई दाराबाहेर भिंतीला टेकून बसलेली, आणि मुलगी तिच्या पाठीमागे. मी कोणाला नमस्कार-चमत्कार न करता फळी घेतली, जमिनीवर बसले आणि स्क्रू काढायला लागले. तो इतका घट्ट बसला होता की दोनदा हात घसरला.

"मॅडम, साहेब विचारतील," सुपरवायझर म्हणाल्या. "सेट अपूर्ण दिसेल."

"दिसू दे. त्या तक्त्यातला शब्द आधी खोडा."

"तो असा खोडता येत नाही."

"मग माझं नाव घाला तिथे. सूचना मलाच समजल्या नाहीत."

त्या लाल झाल्या. ताई खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. माझा आवाज चढला होता आणि एक लहान मूल रडायला लागलं. म्हणजे तिथेही मी मुलांसमोर ओरडतच होते.

स्क्रू निघाला. बाबा हातात आला. पोटात भोक, भोकाच्या दोन्ही बाजूंना चीर. मी घमेल्यात पाणी ओतलं, मुलीला हाक मारली आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "ये. बघ, तुझा बाबा पाण्यात आहे." आणि त्याला पाण्यात सोडला.

ती आईच्या पाठीमागून आली. घमेल्यापाशी उभी राहिली. सगळे बघत होते, मला तर वाटलं आता ती हसेल. तिने वाकून बाबाला पाण्यातून काढलं. फ्रॉकला पुसलं. मग त्याच्या पोटातल्या भोकात तिने बोट घातलं आणि ते बोट तिथेच ठेवून माझ्याकडे बघितलं.

"ह्याला कोणी मारला?"

स्क्रू मारल्यापासून ती अंगणवाडीत पहिल्यांदा बोलली होती. ताईंनी सुपरवायझरकडे पाहिलं, सुपरवायझरनी फाईलकडे. दारात आई उठून उभी राहिली होती. तिला हा प्रश्न माझ्यापेक्षा जास्त कळला होता, तिचा चेहरा पाहून मला ते समजलं.

मी म्हटलं, "मी."

मुलीने मान हलवली, जणू तिला हे माहीत होतं. बाबाला तिने मुठीत धरलं आणि माझ्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब, पाण्याच्या पिंपाच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून बसली. बारा वाजले. ताईंनी गाणं सुरू केलं नाही. मुलांनी चार माणसं फळीत ठेवली आणि खिचडीच्या वाट्या घेतल्या. तिनेही घेतली, आत बसून. वाटी धरून खायला दोन्ही हात लागतात म्हणून तिने बाबाला मांडीखाली दाबून ठेवला होता, आणि मी जरा हलले की ती खायची थांबायची. म्हणून मी हललेच नाही.